झाकणाखालची तार

भावानं वहिनीला धुळ्याहून माझ्याकडे जळगावात मेहरूणला आणून सोडलं, तेव्हा तिचा उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. घरी राहिली तर एका हातानं का होईना भाकरी थापायला बसणार, म्हणून थोडे दिवस माझ्याकडे राहायचं असं फोनवर ठरलं होतं. भाऊ जेवायला थांबला नाही. अर्धा चहा कपात ठेवून उठला आणि चपला घालता घालता माझ्या सासूबाईंना म्हणाला, "हिची घाईच नडली बघा. ड्रायर थांबायच्या आधी हात घातला."

"अगं बाई," म्हणत सासूबाई वहिनीकडे वळल्या. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

त्यांच्याकडेही आमच्यासारखंच दोन खणांचं मशीन होतं. एका खणात कपडे धुवायचे, दुसऱ्यात पिळायचे. त्या दुसऱ्यालाच आपण सगळे ड्रायर म्हणतो. त्या दिवशी कपडे एका बाजूला गोळा होऊन ड्रायर थडथड करायला लागला, तेव्हा वहिनीनं नेहमीप्रमाणे झाकण उघडलं. मोटरचा आवाज बंद झाला. कपडे सारखे करायला म्हणून तिनं साडीचं टोक धरलं, पण आतला डबा अजून जोरात फिरत होता. ओल्या साडीनं हाताला पीळ घातला. मनगटाचं हाड मोडलं, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या शिरा तुटल्या. ऑपरेशन झालं, हाडात धातूची पट्टी बसवली. एवढं सगळं मला भावानंच सांगितलं होतं. वहिनी स्वतः त्यावर एक शब्द बोलत नव्हती.

ती आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी मशीन लावलं. ड्रायर घुमायला लागला तशी वहिनी बसल्या जागेवरून उठली आणि चपला न घालताच फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. मशीन बंद झालं तरी आत येईना. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "तू कर तुन्हं काम. मी आठेच बरी शे." तिच्या ओठावर घाम होता. त्यानंतर मी ड्रायर लावणं सोडलं आणि कपडे हातानं पिळू लागले. हवा दमट होती, नवऱ्याच्या पँटी दोन-दोन दिवस वाळत नव्हत्या, घरभर कुबट वास भरला. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण उशीचा अभ्रा नाकाशी नेऊन परत ठेवायच्या.

प्लास्टर निघालं. हात बारीक आणि पांढरा पडला होता. बोटं वळत नव्हती. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दिला होता, तो ती मान खाली घालून करायची. एक दिवस तीच म्हणाली, "लाव तुन्हं मशीन. मी जास बाहेर." मी लावलं, तर ड्रायर नुसता घूं घूं करत राहिला. फिरेना. मिस्त्रीला फोन केला, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पंखा, इस्त्री, मिक्सर उघडून बघायची मला सवय आहे. मी मशीन भिंतीपासून ओढलं, पिन काढली आणि मागच्या पत्र्याचे स्क्रू काढायला लागले. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मग हळूच स्टूल ओढून बसली आणि डाव्या हातात वाटी धरली. "स्क्रू याम्हा टाक," म्हणाली.

घूं घूं करतो म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचते आहे, हे उघड होतं. अजिबात आवाज नसता तर झाकणाखालच्या स्विचवर किंवा टायमरवर संशय घेतला असता. आता दोनच गोष्टी. एक तर डबा कुठेतरी अडकला असेल, नाहीतर मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असेल. मोजे, रुमाल डब्याखाली सरकून बसतात, म्हणून मी आधी बोटं घालून चाचपलं. काही नव्हतं.

मी बाजूला झाले तेव्हा वहिनीनं डावा हात पुढे केला. ड्रायरच्या जवळ हात नेताना तिला मी पहिल्यांदाच बघत होते. तिनं डब्याची कड ढकलली. डबा हलला नाही.

"हाई तं जाम शे."

"जाम नाही वहिनी. झाकण उघडं आहे ना, म्हणून ब्रेक लागलाय." मी तिला मागून दाखवलं. खाली मोटर, तिच्या वर डब्याला जोडलेली गोल चकती, चकतीला चिकटलेला ब्रेकचा तुकडा आणि त्या तुकड्यापासून वर झाकणापर्यंत गेलेली तार. झाकण लावलं की तार ताणली जाते, ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार ढिली पडते आणि ब्रेक चकतीला घट्ट धरतो. मी झाकण लावलं, मागून चकतीला बोट लावलं, ती गरगर फिरली. झाकण उघडलं, जागेवर थांबली.

"आजून एकदा कर," वहिनी म्हणाली.

मी केलं. तिनं आणखी एकदा करायला लावलं. मग वाटी खाली ठेवली आणि मोरीकडे जाऊन कितीतरी वेळ तोंड धूत राहिली.

डबा मोकळा फिरत होता, म्हणजे दोष कपॅसिटरचा. त्यात बंद केल्यावरही वीज साठून राहते, म्हणून तो काढण्याआधी लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरनं त्याची दोन टोकं जोडली. बारीक ठिणगी उडाली. जुना कपॅसिटर दुकानात दाखवून त्याच आकड्याचा नवा आणला, बसवला, आणि ड्रायर फिरला. वहिनी फाटकाबाहेर गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "माले घर सोडाले तूच चाल. आमनं मशीन देखी ले."

पुढच्या सुट्टीला आम्ही धुळ्याला गेलो. भाऊ कामावर होता. मशीन मागच्या ओट्यावर जुन्या चादरीखाली झाकलेलं होतं. अपघातानंतर त्याला कोणी हात लावलेला दिसत नव्हता, आत एक टॉवेल वाळून पापडासारखा कडक झाला होता. मी मागचा पत्रा काढला आणि बघतच राहिले. ब्रेकचा तुकडा मागे ओढून तांब्याच्या तारेनं खिळ्याला बांधून ठेवला होता. तारेला तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. माहेरच्या घरातल्या सायकलीपासून देवघरातल्या दिव्यापर्यंत भावानं बांधलेली प्रत्येक तार अशीच असायची.

असा बांधलेला ब्रेक कधीच लागत नाही. मोटर बंद पडते, आवाज थांबतो, आणि डबा आपल्याच वेगानं फिरत राहतो.

भाऊ संध्याकाळी आला. उघडं मशीन बघून दारातच थांबला.

"हे कोणी बांधलं?" मी विचारलं.

"मिस्त्रीनं असेल."

"कोणत्या?"

"आता कोणता सांगू? येतात, जातात."

वहिनी आतून म्हणाली, "मिस्तरी कव्हय उना आपला घर?"

घरी मिस्त्री कधी आलाच नव्हता. भाऊ ओट्याच्या पायरीवर बसला. बूटही काढले नाहीत. मग हळूहळू बोलला. ब्रेक घासत होता, डबा सावकाश फिरायचा, कपडे ओलेच निघायचे. घरात पाहुणे होते. त्यानं तात्पुरतं बांधलं होतं. रविवारी नीट करू म्हटलं होतं, आणि ते राहून गेलं.

"आणि हिला सांगितलं नाहीस?"

"माले ठाऊक व्हतं," वहिनी दारात आली. "बांधताना ब्याटरी मीच धरेल व्हती. त्यानं काय व्हस ते माले समजनं नई, त्यास्ले बी नई. त्यानं माले काही वाईट नई वाटनं." ती भावाकडे वळली, तिचा आवाज चढला. मी तिला लग्नापासून ओळखते, पण असं बोलताना ऐकलं नव्हतं. "दवाखानाम्हा तुम्ही बठ्ठास्ले सांगं, हाई घाई करस. डॉक्टरले सांगं. मन्हा भाऊले सांगं. आठे, जळगावले, बठ्ठास्ले. मी झाकण उघाडं, आवाज थांबना, मंग हात घाला. मन्ही काय घाई व्हती?"

भाऊ वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. इतके दिवस सासूबाईंबरोबर मीसुद्धा मनात तेच धरून बसले होते, की वहिनीनं जरा दम धरायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ब्रेकचा नवा तुकडा घेऊन आला. आम्ही दोघांनी तो बसवला, तार जोडली, झाकण उघडून, लावून पाहिलं. डबा लगेच थांबत होता. पण वहिनी बघायला आली नाही. मी निघताना भावाला म्हटलं, "ज्यांना ज्यांना सांगितलंस ना, त्यांना आता हेही सांग." तो म्हणाला, "सांगेन." त्याच्या सांगण्यावर माझा विश्वास बसला नाही.

नंतर कधीतरी एरंडोलला चुलतकाकूंकडे बारशाला आम्ही सगळे एकत्र आलो. वहिनी डाव्या हातानं जेवत होती. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "मशीनपुढे एवढी घाई करू नये गं." वहिनीचा घास तसाच राहिला. भाऊ समोरच्या पंगतीत होता. ताटातली नजर वर न करता तो म्हणाला, "तिची घाई नव्हती काकू. ब्रेक मी बांधून ठेवला होता."

काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक पुरी वाढली. ती त्यानं खाल्ली नाही.

वहिनीनं मला फोन केला तो आठवड्यानं. बारशाचा विषय मीच काढला. "बोलनात ते, खरे," एवढंच ती म्हणाली, आणि मग मेथीचा भाव सांगायला लागली. तिची दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. भाकरी ती डाव्या तळव्यानं थापते, कडा जाड राहतात. घरातले कपडे भाऊ धुतो. तो ड्रायर लावतो तेव्हा ती शेजारच्यांच्या अंगणात जाऊन बसते, आणि झालं की तोच तिला बोलवायला जातो.