मांड्यांचा हात

सुरतेच्या गोडादऱ्यात खानदेशी घरात लग्न निघालं की आधी मालतीबाईंची तारीख घेत, मग मांडववाल्याची. सत्तरी उलटली तरी पुरणाचा उंडा त्या मनगटावर झेलून कोपरापर्यंत असा पसरवत, की मांडा उपड्या खापरावर पडेपर्यंत कुठे विरळ म्हणून दिसत नसे.

तपासणीत साखर आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, म्हणून डॉक्टरांनी हृदयासाठी रोजची एक गोळी लावून दिली. महिनाभरात दोन्ही दंड ठणकू लागले. "दुखलं तर मला सांगा, आपल्या मनाने बंद करू नका," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मालतीबाईंनी त्यांना काहीच सांगितलं नाही. घरात मात्र गोळीच्या नावाने बोटं मोडली, आणि शेजारच्या प्रमिलाबाईंच्या छायाचं लग्न तोंडावर आलं तशी गोळी गुपचूप मोरीत सोडू लागल्या. दंड मोकळे झाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात चूल रसरसली. सून सोनाली उंडे भरून देत होती. एक मांडा हातावरच फाटला. मग दुसरा.

"आई, मांडे तुम्हाला घाबरले का आज?" सोनाली हसली.

मालतीबाई हसल्या नाहीत. डावा दंड कोणी आतून पिळावा तसा भरून आला होता. उजव्याला काहीच नव्हतं.

"काय व्हयनं?" सोनालीने विचारलं.

"हात भरला जरासा."

"तुमची ती गोळीच. बसा घटकाभर. उद्या डॉक्टरांना सांगू."

मालतीबाई खापराकडे पाहत राहिल्या. हे गोळीचं दुखणं नाही, हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. चुलीपुढे बसूनही पाठीवरचा घाम गार लागत होता. गप्प राहिलं तर सोनाली दंड चोळून देईल आणि खरंच उद्यापर्यंत थांबेल.

"किती झाले हो, मालतीबाई?" प्रमिलाबाईंनी दारातून विचारलं.

"सोनाली," मालतीबाई हलकेच म्हणाल्या, "गोयी मी कवयच बंद करी टाकी."

सोनालीच्या हातातला उंडा परातीत पडला.  तिने पिठाच्या हातांनीच एकशे आठला फोन लावला.

दवाखान्यात ईसीजीची पट्टी पाहून तिथले डॉक्टर म्हणाले, "झटका आहे. वेळेत आणलंत." मग सोनालीकडे वळले, "यांना रोजची औषधं कोणती?"

सोनाली अडखळली. मालतीबाईंनी उजवा हात उचलून तिला थांबवलं.

"तिला नका विचारू," त्या म्हणाल्या. "मी सांगते."