विमानाचा आवाज कमी करायला गेलो

मंडळी, आज सकाळी खाडीकडच्या मोकळ्या जागेत माझं मॉडेल विमान उडवायला गेलो होतो. त्याचं इंजिन मुठीएवढं आहे, पण भरपूर ओरडतं.

जागा तिथल्याच एका मावशींची, त्यांचं घरही लागूनच. गेल्या वेळी त्या म्हणाल्या, "आवाज जरा कमी कर बाबा, आमचे हे आजारी हायेत." काका नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आलेत. म्हणून मी सायलेन्सरच्या तोंडात बारीक नळी बसवली. आवाज खरंच खूप उतरला.

पण धुराला बाहेर पडायला वाट कमी पडली की इंजिन तापतं. विमान जमिनीवर असताना इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवून ते जुळवलं, ठीक वाटलं. वर गेल्यावर मात्र इंजिनाचा दम कमी होत गेला आणि ते बंदच पडलं. विमान कसंबसं मावशींच्या अंगणात उतरवलं. चाक मोडलं.

उचलायला गेलो तर काका ओटीवर खाटेवर पडलेले. म्हणाले, "आज आवाज कसा न्हाय? कवाचा कान लावून पडलोय मी."

मावशी दारातून म्हणाल्या, "तुमची झोपमोड व्हते म्हणून मीच सांगितलं त्याला."

"मला इचारलंस?"

मावशी मलाच म्हणाल्या, "कर बाबा चालू."

मी नळी काढली आणि विमान घट्ट धरून तिथेच इंजिन सुरू केलं. टाकी संपेपर्यंत काका डोळे मिटून ऐकत होते.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याला काय हवंय हे तुम्ही त्यालाच विचारता का?