तळ्याखालच्या बांधीतली पाथ

माझी जाऊ भात रोवता रोवता मेली. आमच्या तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, चिखलात तोंड खुपसून. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील.

रोवणी कधी पाहिली नसेल त्याच्यासाठी एवढं सांगते. बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी येते, तिला आम्ही पाथ म्हणतो. रोप खोचायचं आणि एक पाय मागे घ्यायचा. पुन्हा खोचायचं, पुन्हा मागे. रोवलेलं डोळ्यांसमोर राहतं आणि आपण उलटं उलटं सरकत जातो. मागे काय आहे ते दिसत नाही. रोपांच्या जुड्या आधीच बांधीभर फेकलेल्या असतात, हात मागे करून चाचपायची आणि उचलायची.

त्या दिवशी जाऊ आमच्या सगळ्यांपेक्षा भराभर रोवत होती. भराभर रोवणारी आपोआप इतरांच्या मागे निघून जाते. तशी ती गेली. आमच्या पाठीमागून तिच्या हातांचा चुबुक चुबुक आवाज येत होता, मधूनच तिचा बारका कोरडा खोकला. मग आवाज थांबला. मला वाटलं, संपवून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली असेल. आम्ही सरकत सरकत त्या टोकाला पोचलो तेव्हा माझी टाच तिच्या हाताला लागली. तिची पाथ दोन हात उरली होती.

गाव म्हणालं, तळ्यानं नेली. मग म्हणालं, पाथ अधुरी राहिली म्हणून ती तिथंच आहे. पुढच्या वर्षीपासून रोवणीच्या आधी ती पडली त्या कोपऱ्यात लुगडं, हिरव्या बांगड्या आणि एक कोंबडी द्यायचा रिवाज पडला. लुगडं चिखलात दाबायचं, कोंबडी धुऱ्यावर शिजवून रोवणाऱ्या बायांनी खायची. ते देणं मी सुरू केलं. कोणी मला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, मोठ्या जावेची माया.

मधली वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. नवऱ्याला लकवा झाला, तो तीन वर्षं खाटेवर होता. त्याचं सगळं मी केलं आणि करताना त्याला शिव्याही दिल्या. मुलगा नागपूरला कामाला गेला तो गेलाच. त्या काळात लाखनीच्या एक रिटायर नर्सताई नवऱ्याच्या पाठीच्या जखमा धुवायला यायच्या. जखम धुऊन झाली की डोळे मिटून येशूशी बोलायच्या, शेजारच्या घरातल्या माणसाशी बोलावं तशा. मी म्हटलं, हा बरा होईल का? त्या म्हणाल्या, ते मला माहीत नाही. हे मला आवडलं. तोवर जो तो मला बरा होईल म्हणूनच सांगत होता.

नवरा बरा झाला नाही, मेला. मी तरी दर रविवारी लाखनीला ताईंच्या टिनाच्या खोलीत जात राहिले. गावात हसले. मी चौथी शिकलेली, वाचायला वेळ लागतो, पण बसून ऐकायला काही लागत नाही. येशूकडे जायचं तर लपवलेलं काही घेऊन जाता येत नाही, एवढं मला कळलं. आणि कळलं तरी मी लपवून ठेवलं. वर्षभर तशीच जात राहिले.

मागच्या पावसाळ्यात मी ठरवलं, त्या कोपऱ्यात लुगडं द्यायचं नाही. ताईंनी सांगितलं नव्हतं. माझ्याच हाताला ते जड झालं होतं. दोन्हीकडे हात जोडून मला झोप लागेना.

रोवणी आली. बाकीच्या बांध्या झाल्या. तळ्याखालची उरली. तिथं आमचं अर्ध्याहून जास्त भात होतं, वर्षाचं खाणं त्यातूनच निघायचं. सकाळी बाया धुऱ्यापर्यंत आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांत माझी पुतणी होती, त्याच जावेची मुलगी. आई मेली तेव्हा ती दहा वर्षांची होती. आता गावातच दिली आहे, दोन लेकरांची माय आहे.

ती म्हणाली, "मोठी माय, लुगडं कोठी हाय?"

"या वर्षी नाही."

"काहून?"

"नाही म्हणजे नाही."

मागून गावातली एक म्हातारी बोलली, तोंडात तंबाखूचा खर्रा धरून. "तिचा येशू हाय ना वं आता. तोच येन रोवाले."

बाया हसल्या. पुतणी हसली नाही. "माह्या मायचा वाटा देल्ल्याबिगर मी या चिखलात पाय नाही टाकत. अन् तू बी टाकू नोको. तिचा जीव अजून इथंच घुटमळून राहिला."

"तुले दिसला का?"

"तुले नाही दिसत तं तू दर साली काहून देत होतीस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मी दिलं नाही. बाया गेल्या. दुसऱ्या गावच्या बाया बोलवायला अड्याळला निरोप धाडला. त्यांच्यापर्यंत गोष्ट आधीच पोचली होती, त्याही आल्या नाहीत. रोपं पिवळी पडायला लागली होती. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर ती रोवूनही उपयोग नव्हता. एक लुगडं चिखलात दाबलं असतं तर अर्ध्या तासात सगळ्या बाया कामाला लागल्या असत्या. ट्रंकेत एक कोरं पडलेलंही होतं. मी ते काढलं, मांडीवर घेऊन बसले आणि परत ठेवलं. मग एकटीच बांधीत उतरले.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. कंबर मोडली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं, पण पाणी पडत नव्हतं. वारा नव्हता. शेजारच्या बांध्यांमधून बगळे फिरत होते, माझ्या बांधीत एकही उतरत नव्हता. दूरच्या हायवेचे ट्रक रोज ऐकू येतात, त्या दुपारी तेही ऐकू येत नव्हते. मी वाकून रोवत होते आणि माझ्या पिंढऱ्यांवर पाण्याच्या लाटा येऊन लागल्या. बारक्या लाटा. मागून. पाणी हलवणारी त्या बांधीत मी एकटीच होते आणि मी तर नुकतीच थांबले होते.

मग चुबुक चुबुक आवाज आला. बेडूक नव्हता. पन्नास वर्षं मी तो आवाज ऐकते आहे. हात चिखलात गेला की एक आवाज येतो आणि निघाला की दुसरा. आणि मध्येच खोकला.

माझी मान मागे वळली नाही. वळवायची नाही असं ठरवलं नव्हतं, वळलीच नाही. मी तोंडानं बोलले, "येशू, मी मागं मागं येऊन राहिली. मले दिसत नाही. तू पाह्य." एवढीच प्रार्थना. आवाज थांबला नाही. भीती गेली नाही. पण हात चालू राहिला. हात थांबला असता तर मी पळाले असते.

त्याहून विचित्र पुढे झालं. माझा उजवा खांदा दुखरा आहे, त्यामुळे मला जुड्या लांब फेकता आल्या नव्हत्या. अर्ध्या बांधीपलीकडे एकही जुडी नव्हती, हे मला पक्कं माहीत होतं. मी अर्ध्याच्या पुढे गेले, सवयीनं हात मागे केला, आणि जुडी हाताला लागली. ती संपली. हात मागे केला, पुन्हा जुडी. ओली, गार, अगदी बोटांशी, जणू कोणी धरून उभं आहे. मी घेत गेले आणि रोवत गेले.

ताईंना पुढे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, येशूनं दिल्या. गावातल्या बायांना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, तिनं दिल्या. मी म्हातारी आहे, सकाळी टाकून विसरलेही असेन. मला खरंच माहीत नाही. कोणाचा हात आहे हे न कळता घेत राहणं फार वाईट असतं, एवढं सांगते.

तिसऱ्या दिवशी तो कोपरा आला. दोन हात उरले. मागचा आवाज आता इतका जवळ होता की खोकल्याचा वारा कानाला लागेल असं वाटलं. मी परत येशूचं नाव घेतलं आणि त्यापुढे मला दुसरंच आठवलं. ते सोळा वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी जाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "बाई, अंगात ताप हाय. जरासी धुऱ्यावर बसू का?" तिच्या कपाळाला हात लावला असता तर कळलं असतं. लावायची गरजच नव्हती, डोळे लाल दिसत होते. मी म्हटलं, "तू बसशील तं बाकीच्या बी बसतीन. पाथ पुरी कर, मंग मर तिकडं." इतर बाया दुसऱ्या टोकाला होत्या, कोणी ऐकलं नाही. ती रागानं भराभर रोवायला लागली आणि आमच्या मागे निघून गेली. सगळी लुगडी, सगळ्या कोंबड्या त्या एका वाक्यावर झाकण घालायला होत्या.

मी वाकल्या वाकल्याच मोठ्यानं बोलले. "येशू, तिले ताप होता. मले मालूम होतं. मीच मर म्हणलं."

आवाज बंद झाला. लाटा थांबल्या. मी हात मागे केला. जुडी नव्हती. चाचपलं, नुसतं पाणी. मग मी सरळ उभी राहून मागे वळले. धुरा होता, त्यापलीकडे तळ्याची पाळ, आणि कोणी नाही. वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. आवाज होता तेव्हा जेवढी भ्याले त्याहून मी त्या शांततेला जास्त भ्याले. कारण मग कळलं की मेलेल्या बाईला आणि देवाला सांगून मी सोपं तेवढं केलं आहे. जिला सांगायचं ती जिवंत आहे, आणि चार घरं सोडून राहते.

धुऱ्यावरून रोपं आणली. उरलेले दोन हात रोवले. पाय धुतले आणि तशीच ओल्या लुगड्यानं पुतणीच्या घरी गेले. वाटेत येशूला म्हटलं, आता तू माझी साथ सोडू नको, मी पळकुटी आहे.

ती अंगणात लसूण सोलत होती. मला पाहून म्हणाली, "झाली का तुही रोवणी? दिसली का माय?"

मी उभ्यानंच सांगितलं. शब्द न बदलता. मर म्हटलं तेही सांगितलं.

तिनं हातातला लसूण सुपात ठेवला. "मायले ताप हाय हे तुले मालूम होतं?"

"होतं."

"अन् इतकी वर्सं मी तुह्या हातचं लुगडं तिले देऊन राहिली."

"हो."

"मले वाटे, तुलेच तिची याद हाय."

बसू का विचारलं नाही, तिनं बस म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "हे सांगाले तुले तुह्या येशूनं धाडलं?"

"हो."

"तं त्याले सांग, मले टाइम लागन."

मी रस्त्यातच त्याला सांगितलं. त्यानंतर भात कापून झालं, दुसरा पावसाळा लागला. ती अजून माझ्या घरी आलेली नाही. मीही निरोप धाडला नाही. तिनं वेळ मागितला आहे, आणि ज्याच्याकडे मागितला तो घाई करत नाही, एवढं मी आता ओळखते.