छत काढून एकशेवीस: बाबांसोबत येळाकेळीपर्यंत

उघडी गाडी चालवायची हौस मला कधीच नव्हती. हे आधीच सांगते, कारण फोटो टाकल्यापासून सगळे "तुझं जुनं स्वप्न होतं का?" असं विचारतायत. कारण वेगळं होतं.

माझे बाबा सावनेरला राहतात. कोळशाच्या खाणीत तीस वर्षं डंपर चालवून निवृत्त झाले. दीड वर्षापूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं. तेव्हापासून त्यांनी घर सोडणंच बंद केलं होतं. दिवाळीनंतर मी त्यांना डॉक्टरकडे नागपूरला आणलं, तर वाटेत तीनदा गाडी थांबवावी लागली. घाम, घाबरं होणं. मी विचारलं, "बाबा, काय होतं नक्की?"

"डब्यात घातल्यासारखं वाटते," ते म्हणाले. "काचा बंद, एसी चालू. आपण कुठं हाओत, काहीच समजत नाही मले."

त्या वाक्यानं माझी झोप उडवली. काचा नसलेली, छत नसलेली गाडी असेल तर?

नागपुरात अशी गाडी भाड्यानं शोधायला निघालात तर एकच जागा सापडते: लग्नं. गांधीबागेत सलीमभाईंकडे एक लाल, कापडी छताची गाडी आहे, नवरदेवाला मिरवणारी. मी त्यांना बेत सांगितला.

"ताई, ही बँडच्या मागं चालते. पळवून कोणी पाहिली नाही."

त्यांनीच मग मेकॅनिककडून टायर आणि ब्रेक तपासून घेतले. तुम्हीही जाणार असाल तर हे आधी करा. भाडं लग्नाच्या मोसमाबाहेर जवळपास निम्मं पडतं. आठवड्याच्या मधला दिवस निवडा.

जानेवारीतला बुधवार. बाबा आदल्या दिवशी नागपूरला माझ्याकडे आले होते, बंद गाडीच्या मागच्या सीटवर डोळे घट्ट मिटून. सकाळी तर्री-पोहे खाऊन निघालो. समृद्धी महामार्गाच्या या पट्ट्यात खाण्याची फारशी सोय नाही, त्यामुळे पोटभर खाऊनच निघा. टोपी नको, ती उडते. कानाभोवती मफलर आवळून बांधायचा आणि डोळ्यांना गॉगल. बाबांनी गॉगल नाकारला. "मले काय पाहायचं हाये?" म्हणाले. मग मी धुळीचं कारण सांगितलं, तेव्हा घातला.

महामार्ग सुरू होतो तिथं, शिवमडक्याला, टोलनाक्यावरच्या माणसानं गाडीकडे बघून विचारलं, "लगन कुठं हाये काका?"

"लगन नाही गा," बाबा म्हणाले. "हवा खायले चाललो."

इतक्या महिन्यांत त्यांनी अनोळखी माणसाला दिलेलं ते पहिलं उत्तर.

ऐंशीपर्यंत वारा नुसता थंड लागतो. शंभरच्या पुढे तो ढकलायला लागतो, मफलरचं टोक गालावर चाबकासारखं बसतं आणि बोलणं अशक्य होतं. पाटीवर मर्यादा एकशेवीसची. काटा तिथं पोचला तेव्हा माझे हात स्टिअरिंगवर आखडले होते. शेजारून एक ट्रक मागे पडला, त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. लगेच गुडघ्यावर थाप पडली. बाबा माझ्या कानाशी वाकून ओरडले, "पाय काहून काढला वं? सरळ हाये ना रस्ता?"

सरळच होता. मी पुन्हा पाय दाबला.

मग ते सुरू झालं. बाबांनी डावा हात दारावर टाकला आणि बोटांनी खुणा करायला लागले. वरून पूल गेला की एक बोट वर, कारण क्षणभर सावली पडते आणि आवाज बदलतो. मध्येच अंगावर एकदम गारवा आला, तसे ओरडले, "ओलीत चालू हाये, हरभरा असंन!" मी पाहिलं. खरंच डाव्या हाताला हरभऱ्यात तुषार फिरत होते. पुढे कपाशीची वाळलेली पऱ्हाटी जाळल्याचा धूर आला, पुढे गुरांचा वास. प्रत्येक वेळी ते आधी सांगायचे, मी नंतर बघायची. त्यांच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. ते हसत नव्हते, पण जबडा सैल झाला होता. कामावरून परत आलेल्या माणसाचा असतो तसा.

येळाकेळीला महामार्ग सोडला. गावाच्या तोंडाशी एक चहाची टपरी, चुलीवरची. मी उतरून त्यांचा हात धरायला गेले.

"थांब," ते म्हणाले. "तू मागं ये."

टपरी वीसेक पावलांवर होती. ते धुराच्या दिशेनं चालायला लागले. मध्ये एक दगड होता. माझ्या तोंडातून शब्द निघणार होता, मी तो गिळला. पाय अडखळला, ते थांबले, बुटानं दगड चाचपला आणि वळसा घालून गेले. बाकड्याला गुडघा लागला तसे बसले. टपरीवाल्या बाईला म्हणाले, "दोन कडक चाय बनव वं बाई. पोरगी मांगून येऊन राहिली."

मी मागेच होते. डोळे पुसून झाल्यावर पुढे गेले. गॉगलचा उपयोग झाला.

चहा पिताना म्हणाले, "तीस साल डंपर चालवला. काटा कधी वीसच्या वर नाही गेला. मले वाटलं होतं, स्पीडचं आता राहूनच गेलं."

परतताना अकराचं ऊन चढलं होतं. जानेवारीतही उघड्या गाडीत डोकं तापतं, म्हणून सकाळीच परतायचा बेत ठेवा. मी छत लावू का विचारलं. "राहू दे," म्हणाले.

घरी आलो तेव्हा माझे खांदे आखडले होते, केसांत गुठळ्या झाल्या होत्या, ओठ फुटले होते. वेगाची चटक लागली असं म्हणणार नाही. एकशेवीसला मला अजूनही भीती वाटते. पण दीड वर्षं मी त्यांना जपत होते आणि जपताना एकेक काच वर करत होते, हे मला त्या रस्त्यावर समजलं. डॉक्टर म्हणतात नजर येणार नाही. ते खरंच आहे.

दहा दिवसांनी ऑफिसात असताना फोन वाजला. मागे बसस्टँडचा गोंगाट.

"निशा, मी नागपुरात हाओ. एष्टीनं आलो. न्यायले ये."

"एकटे? बाबा, कळलं कसं कुठं उतरायचं ते?"

"खिडकी उघडी होती ना," ते म्हणाले. "बाजूचा माणूस झोपून राहिला होता. त्याले वाटेत पाटणसावंगीले उतरायचं होतं, मीच उठवलं."