रुपराव जवळ असले की

रुपराव,

सरळच विचारते. तुमच्याबद्दल लिहिलेलं चालेल का? नाही म्हणालात तरी लिहिणारच आहे. बावीस वर्षं प्रयोगशाळेत तुम्ही माझं ऐकलं नाहीत, तर आता मी तुमचं ऐकायचं काही कारण नाही. स्पिरिटच्या बाटल्या डाव्या कपाटात ठेवा म्हटलं की हमखास उजव्यात ठेवायचात. पण तुमच्यासारखा कान मी आमच्या विभागात दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही, प्राध्यापकांत तर नाहीच नाही. लोकांना सांगायचं म्हणून पुढे तुम्ही 'रुपराव' आणि मी 'बाई', तुम्ही हाक मारायचात तशी. कुठं चुकलं तर फोन करा. मात्र फोन वच्छलाबाईंच्या हातात देऊ नका, त्या मला बोलू देत नाहीत.

रुपराव काटोलच्या पलीकडच्या खेड्यातले. दहावीला इंग्रजीत नापास झाले आणि चुलत्याच्या ओळखीनं नागपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चिकटले. तेव्हा प्रत्येक पोराला परीक्षेत एक बेडूक चिरावा लागे आणि ते बेडूक आणणं हे रुपरावांचं काम. पावसाळ्यात ते गॅसबत्ती आणि पोतं घेऊन शहराबाहेरच्या, पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांत जात. बत्ती मागाहून पेटायची. आधी काठावर डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, "अकरा हायेत. दोन बारके हायेत, त्यायले राहू द्या." पोतं उघडलं की नऊ निघत. एकदा बाई मुद्दाम सोबत गेल्या आणि त्यांनी मोजून पाहिलं. नऊच.

पुढे चिरफाड बंद झाली. ट्रे, टाचण्या अडगळीत गेल्या आणि दोन वर्षांनी रुपरावही निवृत्त होऊन गावी गेले. त्या जुलैत एका संध्याकाळी ते घरामागच्या डबक्यापाशी सहज जाऊन उभे राहिले. ओसरीवरून येताना डबकं नुसतं दणाणत होतं. ते काठावर पोचले आणि सगळं थांबलं.

त्यात नवल काही नाही. माणूस आला की बेडूक गप्प होतात आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू करतात. रुपराव तासभर थांबले. नंतर दुसरं डबकं पाहिलं, तिसरं पाहिलं, धरणाचा काठ पाहिला. तो पावसाळा गेला, पुढचाही गेला. ते बाजारहाटाला गेले की घरामागचं डबकं बोलायला लागायचं, त्यांच्या पत्नी वच्छलाबाई सांगत. ते फाटकाशी आले की बंद.

"तीस वर्षं त्यायले पोत्यात भरलं," वच्छलाबाई म्हणत, "आता ते काय आरती म्हणतीन तुमची?"

बाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. त्यांनी रुपरावांना धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कान विशीतल्या पोरासारखे निघाले.

"मले सगळं ऐकू येते, बाई," रुपराव म्हणाले. "कुकरची शिटी येते, नातवाचा मोबाईल येते. बेडूक तेवढा येत नाही." मग इकडंतिकडं पाहत जरा हळू बोलले, "आठ वर्षं झाले. एकदा ऐकायले भेटला असता तं बरं झालं असतं."

वैभवी ही बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी, राहणार नागपूरचीच, प्रताप नगर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, दाट सदाहरित जंगलात, आवाजावरून बेडूक मोजायचे हा तिच्या पीएच.डी.चा विषय. तिथले झाडावरचे बेडूक नखाएवढे. पानाआड बसलेला दिसणं अशक्य, ऐकूनच मोजायचा. तिला सोबतीला तयार कानाचा माणूस हवा होता. बाईंनी रुपरावांचं नाव सुचवलं. डबक्यांची हकिगत सांगितली नाही. असल्या गोष्टी पसरवायच्या कशाला?

रुपरावांनी वैभवीला फोनवर एकच विचारलं, "तिथले बेडूक मले ओळखत नाहीत ना?"

"कसे ओळखतील, काका? इथून हजार किलोमीटर आहे."

"तं येतो मग."

ओढ्याकाठची पायवाट ठरलेली होती. अंधार पडता पडता निघायचं, दर वीस पावलांवर थांबायचं, बेडूक सावरेपर्यंत पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मग दहा मिनिटं मोजायचं. पहिल्या संध्याकाळी जंगलाकाठच्या मुक्कामाच्या खोलीतून निघताना जंगल इतकं गजबजलेलं होतं की एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. वाटेवर शिरल्यावर आवाज एकेक करून विझत गेले. पाच मिनिटं झाली, वीस झाली. पानांवरून पाणी ठिबकत होतं तेवढंच. रुपराव मान खाली घालून, डोळे मिटून उभे होते. त्यांच्या घोट्यावर जळू चढली होती. त्यांना पत्ता नव्हता.

आठ दिवस वैभवीच्या कागदावर शून्य, शून्य, शून्य. तिनं हवामानाला दोष दिला, चंद्राला दिला, शेवटी स्वतःच्या बुटांना दिला. नवव्या दिवशी रुपरावच म्हणाले, "आज तू एकटी जाय वं. मी भाकरी टाकतो."

ती परतली तेव्हा ते चुलीपुढं बसले होते.

"भेटले काय?"

"होते बरे."

"बरे म्हणजे किती? बाईनं तुह्या आईले 'बरे' लिवायले शिकवलं काय?"

"त्रेसष्ट."

रुपरावांनी भाकरी उलटली. मग घरामागच्या डबक्यापासून सगळं तिला सांगितलं. सांगताना मध्येच हसले. "काका, काहून हसून राहिले?" तिनं विचारलं.

"हजार किलोमीटर आलो ना वं, म्हणून."

त्यानंतर ते खोलीवरच थांबू लागले आणि तिचे आकडे भरत गेले. पण चौथ्या संध्याकाळी ती परत आली तेव्हा चूल विझलेली होती, दाराला बाहेरून कडी लावलेली होती आणि त्यांची बॅटरी खिळ्याला टांगलेली. बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की तिच्या बॅटरीचा उजेड हातभर पुढे जाऊन थांबत होता. तिनं हाका मारल्या. बेडकांच्या गोंगाटात तिच्या हाका तिच्याच कानांपर्यंत पोचेनात.

ती उभी राहिली आणि सवयीनं ऐकायला लागली. डावीकडं दाट, समोर दाट, मागं ओढ्याकडंही दाट. उजवीकडं, चढाच्या बाजूला मात्र काहीच नव्हतं. एवढ्या आवाजाच्या मधोमध एक मुकी जागा होती, साधारण शंभर पावलं रुंद.

आणि ती जागा सरकत होती. कडेचा एखादा बेडूक गप्प व्हायचा, पलीकडच्या कडेचा एखादा सुरू व्हायचा. सावकाश, दमलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं ती वर चढत होती. त्या बाजूला पुढं कडा होता.

वैभवी तिकडं पळाली. फांद्या तोंडावर बसल्या, एकदा ती घसरून पडली, पण थांबली नाही. एका पावलावर कानठळ्या बसत होत्या आणि पुढच्या पावलाला दार लोटून बंद केल्यासारखं सगळं गेलं. तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. नंतर समोर खोकला ऐकू आला.

रुपराव कड्याच्या अलीकडे खडकावर टेकले होते. "दूर जाऊन बसून पाहावं म्हटलं," ते म्हणाले. "लय दूरून तरी एखादा ऐकू येईन. तं वाटच हरपली." मग तिच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्यांकडं पाहून त्यांनी विचारलं, "मी कसा सापडलो वं तुले?"

"आवाजावरून."

"मी तं आवाजच नाही देल्ला."

वैभवीनं त्यांचा हात धरला. उतरताना रुपराव मधूनमधून थांबत, अंदाज घेत आणि पुन्हा चालू लागत. ती शंभर पावलांची शांतता त्यांच्यासोबत खोलीच्या दारापर्यंत आली. आत जाऊन त्यांनी दार लावलं तरी अंगणात एकही बेडूक बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी ते नागपूरला परत निघाले. वैभवी त्यांची पिशवी घेऊन बसपर्यंत गेली. बसमध्ये चढताना त्यांनी एक काम सांगितलं. जंगलात झाडाला बांधलेलं एक ध्वनिमुद्रक यंत्र होतं, ते कुणी नसताना आपोआप आवाज भरून घेई. "त्यातलं एक भरलेलं बाईजवळ दे. म्हणावं, काटोलले आणून ऐकवजा. तिथं मी नव्हतो ना. मशिनीले काय माहीत, कोण ऐकून राहिलं."

वैभवी ऑक्टोबरात परतली आणि त्या यंत्रातली बोटाच्या पेराएवढी चिप बाईंच्या हातात दिली. कड्यापाशची हकिगत तिनं तेव्हाच सांगितली. बाईंनी ऐकून घेतली आणि त्या म्हणाल्या, "धुकं होतं, तू घाबरली होतीस, पुढं?" मात्र ती गेल्यावर त्यांनी चिप लॅपटॉपला लावली आणि पूर्ण तास ऐकली. शेजाऱ्यांनी बेल वाजवून विचारलं, टीव्हीला काय झालं म्हणून. इतका आवाज होता.

त्याच आठवड्यात रुपरावांचा फोन आला.

"बाई, भेटलं काय ते?"

"भेटलं. लई बेडूक आहेत."

"तुमी ऐकलं?"

"ऐकलं की. रविवारी घेऊन येते. संत्री काढून ठेवा, आंबट देऊ नका मागच्यासारखी."

"बाई, मशीन तं गप्प होत नाही ना?"

"काहीतरीच काय विचारता?" बाई म्हणाल्या.

रविवारी बाई लॅपटॉप पिशवीत घालून स्टँडवर गेल्या. काटोलची गाडी लागलेली होती, खिडकीची जागाही रिकामी होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "आजी, येऊन राहिल्या का?" बाईंनी गाडी जाऊ दिली. नंतरची गाडीही जाऊ दिली. घरी येऊन त्यांनी रुपरावांना गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी या मंग." त्यानंतर थंडी गेली, उन्हाळा गेला. गुडघ्यांना काही झालेलं नाही. चिप लॅपटॉपच्या पिशवीतच आहे.