टोमॅटोची हजामत

काकूंनी काकांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका झुडपाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधत होते.

काकू तेव्हा काकू नव्हत्या आणि काकाही काका नव्हते. त्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर नुकत्याच लागल्या होत्या. खिडकीसमोर अरुंद रस्ता आणि पलीकडे केस कापायचं दुकान. दुकानाच्या दाराशी दोन कुंड्यांमध्ये बॉक्सवूड होतं. हे बारीक पानांचं, बारा महिने हिरवं राहणारं आणि कात्रीने द्याल तो आकार मुकाट्याने घेणारं झुडूप. दुकानातल्या तरुणाने कापडाची गाठ मारली, ती फार आवळली नाही ना ते पाहिलं, पानांतून कंगवा फिरवला आणि केसांच्याच कात्रीने कचकच सुरुवात केली. काम झाल्यावर मान तिरकी करून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि कापड रस्त्यावर झटकलं.

"मागून आरसा दाखवायचा राहिला," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"जुनं गिऱ्हाईक आहे," तो तरुण गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "त्याचा विश्वास आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो पोस्टात तिकिटं घ्यायला येऊ लागला. त्या तिकिटांची पत्रं कुणाला गेली, हे काकूंना लग्नानंतर इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

पुढे गल्लीने त्यांचं नाव कात्रीकाका ठेवलं. दुकानात त्यांचा एकच कायदा होता: खुर्चीत बसला तो सारखा. हेडमास्तर असोत की वखारीतला हमाल, तेवढंच पाणी, तेवढाच साबण, तेवढाच वेळ. टक्कल पडलेल्या माणसालाही ते इतरांइतकाच वेळ बसवून ठेवत. एवढा वेळ तिथे काय कापत होते, ते त्यांनाच ठाऊक.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. एके दिवशी एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली. रक्त थेंबभरच आलं. "असू द्या, दुसरा आहे अजून," गिऱ्हाईक हसून म्हणालं. काकांना हसू आलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. दोन कुंड्या तेवढ्या घरी आणून परसात सावलीला ठेवल्या.

सुरुवातीला त्यांचे हात शिवशिवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याकडे ते असे बघत, की दूधवाला फाटकाशीच पिशवी ठेवून पळायला लागला. नंतर तेही थांबलं. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि जेवायला हाक मारली की उठायचं. काकूंना भीती हाताची नव्हती. माणूस हळूहळू खुर्चीचाच एक भाग होत चालला होता, त्याची होती.

काकूंचा स्वतःचा जीव रमायचा परसातल्या टोमॅटोंत. लांबट, जाड गराचे, कमी बियांचे टोमॅटो. दिवसभर ऊन पडेल अशा पट्ट्यात त्या ते लावायच्या आणि त्यांचा रस आटवून वर्षाच्या बाटल्या भरायच्या. त्या पट्ट्यात पाय ठेवायची कुणाची छाती नव्हती. पण बहिणीचा पाय मोडला, तिच्याकडे जाणं भाग पडलं, आणि काकूंच्या मनात एक विचार आला.

"अहो, टोमॅटो तुमच्यावर सोपवून चाललेय."

"माझ्यावर?"

"मग काय दूधवाल्यावर? रोज पाणी, तेही बुंध्याशी. एक दिवस पूर आणि दोन दिवस दुष्काळ असं केलंत तर फळाचं बूड काळं पडतं. आठवड्याला खत. ऊन अडवायचं नाही. कळलं?"

"अगं, आयुष्यभर माणसं सांभाळली मी."

"माणसं बरी. दुखलं की ओरडतात तरी."

रोज संध्याकाळी काकू फोन करायच्या. पहिले काही दिवस उत्तरं हुंकारात आली. नंतर आवाजात जरा धार आली.

"सगळे मजेत आहेत," काका म्हणाले.

"सगळे कोण?"

"सगळे. ठेवू का? कामात आहे."

काकूंनी फोन ठेवला आणि बहिणीकडे बघून इतक्या हसल्या, की बहिणीला आपल्या प्लास्टरचं काय चुकलं ते कळेना.

परत आल्या तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून परसाच्या दारात उभे होते. टोमॅटोची सगळी रोपं चेंडूसारखी गोल कापलेली. एकाही पानाने रांग मोडली नव्हती. त्यांच्या शेजारी, उन्हात ओढून आणलेल्या कुंड्यांत दोन्ही बॉक्सवूड, पाण्याने थबथबलेली आणि पिवळी.

"कशी दिसतात?" काकांनी विचारलं.

"शाळेच्या पहिल्या दिवशी निघालेल्या मुलांसारखी," काकू म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. "पण फुलं कुठे गेली?"

"ती का? वर आडवीतिडवी माजली होती. उडवली. आता खालून कसं दाट फुटतं बघ!"

काकू पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. वर्षाच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्या डोळ्यांपुढे रांगेने उभ्या राहिल्या. जिभेवर बरंच काही आलं होतं. पण दुकान बंद झाल्यापासून हा माणूस पहिल्यांदाच 'बघ' म्हणाला होता. वाकडं बोलावं तर तो पुन्हा खुर्चीत जाणार, आणि शाबासकी द्यावी तर पुढच्या हंगामाचीही हजामत ठरलेली. पाकिटावर तिकीट कमी आहे हे लोकांना तोंडावर सांगण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. इथेही दुसरं काही जमणार नव्हतं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "टोमॅटोच्या डोक्यावर केस नसतात. टोमॅटो असतात."

काका बघत राहिले. "म्हणजे मी..."

"मुंडकी उडवलीत."

"सगळ्यांची?"

"तुमच्याकडे भेदभाव कधी होता?"

काकांनी उजवा हात खिशात घातला आणि ते घरात जायला वळले.

"कुठे निघालात? मला एक कळू द्या. बॉक्सवूड का पिवळं पडलं?"

काका थांबले. वाकले, कुंडीत बोट खुपसलं. "चिखल झालाय. माती वरून कोरडी पडल्याशिवाय त्याला पाणी नकोच असतं. अर्ध्या उन्हातही भागतं. खत वर्षातून एकदा."

"हे ठाऊक होतं ना तुम्हाला? मग रोज पाणी, खत, ऊन?"

"टोमॅटोला द्यायचं आणि शेजारच्या बॉक्सवूडला नाही द्यायचं," काका ओशाळून म्हणाले, "बरं दिसेना."

काकूंनी कपाळाला हात लावला. पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या, आणि त्या थांबेनात तेव्हा काकाही पायरीवर टेकले.

"म्हणजे असं बघ," थोड्या वेळाने ते म्हणाले. "बॉक्सवूड म्हणजे पेन्शनर. महिन्यातून येणार, 'नेहमीसारखं' म्हणून डोळे मिटणार. पाणीसुद्धा नको म्हणणार. आणि हे तुझे टोमॅटो म्हणजे लग्नाला निघालेले नवरदेव! खायला घाला, प्यायला द्या, तोल गेला की आधार द्या, आणि एवढं करून केसाला हात लावायचा नाही!"

"आणि हंगाम संपला की ओळखही दाखवणार नाहीत."

"पेन्शनर मात्र तिथेच," काका म्हणाले.

हंगाम अजून शिल्लक होता. काकूंनी नवी रोपं आणली. कुंड्या पुन्हा अर्ध्या सावलीत गेल्या. एक बॉक्सवूड सावरलं, दुसऱ्याची मुळं कुजली होती, ते गेलं. काकांनी काठ्या रोवल्या, जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या आणि खोडाला सैल गाठी मारायला ते शिकले. गाठ सैलच हवी असल्यामुळे हात थरथरला तरी काही बिघडत नव्हतं.

फुलं आली तेव्हा काकूंनी बजावलं, "आता रोज सकाळी फुलांचे घोस जरा हलवायचे. आतली पूड पडते, मग फळ धरतं. पण हलक्या हाताने, बारीक बारीक."

काकांनी खिशातून उजवा हात काढला, आणि बायकोकडे तोंड न वळवता म्हणाले, "हलवायचं ना? ते मला येतं."

काकूंनी पाण्याची झारी उचलली आणि आधीच ओल्या असलेल्या मातीत पाणी घातलं.

त्या वर्षी बाटल्या नेहमीपेक्षा कमी भरल्या. काही टोमॅटोंचं बूड काळंही निघालं. त्या आठवड्यात पाणी घालायचं काकू विसरल्या होत्या, ही बातमी काकांनी गल्लीत दारोदार पोहोचवली. दार उघडलं की आत जाऊन परसही बघून यायचे. कुणाचं रोप आडवं पडलेलं दिसलं की चादरीची पट्टी खिशात असायचीच.

हल्ली सकाळी खिडकीजवळची खुर्ची मोकळी असते. मागच्या गल्लीतल्या परसांमध्येही ते टोमॅटोंना आधार बांधायला जातात, आणि जेवायला बोलवायचं तर काकूंना उन्हात छत्री घेऊन घरोघर शोधत फिरावं लागतं.