सासऱ्यांच्या गाडीचं माउंटिंग

त्याला स्वतःचं नाव होतं, पण ते चष्म्याच्या दुकानातल्या हजेरीपुरतं उरलं होतं. लग्नानंतर तो सासऱ्यांच्या घरी तात्पुरता राहायला आला आणि ते तात्पुरतं अनेक वर्षं टिकलं. गल्लीत वाण्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याला जावई म्हणत. एकदा बायकोनेही गंमत म्हणून बाजारात "अहो जावई!" अशी हाक मारली. दोघंही हसले, तो जरा कमी हसला.

सासरे वाईट नव्हते. वाईट असते तर भांडून निघता आलं असतं. ते जावयाला पंख्याखालची जागा देत, ताटात आग्रहाने वाढायला लावत आणि आंघोळीला कधी जायचं तेही सांगत. प्रेमाने सांगत, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

मग दूरच्या गावी, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. नवरा-बायको आयुष्यात पहिल्यांदा दोघंच राहणार होते. सोमवारी हजर व्हायचं होतं. सामान न्यायला सासऱ्यांनी आपली जुनी गाडी देऊ केली, एका अटीवर.

"आधी तिची धडधड थांबवा. रस्त्यात इंजिन गळून पडलं तर? माझी मुलगी बसणार आहे तिच्यात."

जावईही तिच्यातच बसणार होता, पण हा मुद्दा चर्चेला आला नाही.

धडधडीचं कारण साधं होतं. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर रबरी माउंटिंगांवर बसलेलं असतं. ते थरथरतं आणि रबर तो थरथराट गिळून टाकतं. उजवीकडचं रबर फाटलं होतं. गॅरेजचं नाव काढायची सोय नव्हती. गॅरेजवाले चांगले भाग काढून दुसऱ्यांच्या गाड्यांना लावतात, अशी सासऱ्यांची खात्री होती. त्यामुळे या घरात गाडीची प्रत्येक दुरुस्ती शेडमध्ये आणि त्यांच्या डोळ्यांसमोर होई.

शनिवारी सकाळी जावयाने गाडी शेडमध्ये घातली, नाक भिंतीकडे करून, कारण खिडकी तिकडे होती. मागच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, बॅटरीची वायर सोडवली. इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली जाड फळी ठेवून तिच्याखाली जॅक सरकवला, म्हणजे भार एका ठिकाणी येऊन चेंबरला पोचा पडणार नाही. शिवाय बॉनेटखालच्या दोन मजबूत कडांवर आडवा लोखंडी पाइप टाकला आणि त्यावरून साखळी इंजिनच्या हुकात अडकवली. जॅक दगा देऊ शकतो. दुसरा आधार हवाच. मग तो अगदी हळू उचलत गेला. माउंटिंगवरचा भार सुटला, तसा तो तिथेच थांबला.

सगळं शास्त्रशुद्ध झालं. फक्त एक गोष्ट त्याच्या उशिरा लक्षात आली. तो स्वतः भिंत आणि बंपर यांच्यामध्ये होता. एका बाजूला सासूबाईंचं जुनं कपाट गाडीला टेकलं होतं. दुसऱ्या बाजूला बाहेर जायची एकच फट होती आणि तिच्यात जॅकचा लांब दांडा आडवा आला होता. तो ओलांडताना पाय लागला तर इंजिन हलणार. दांड्यापलीकडे स्टुलावर टॉर्च घेऊन सासरे बसले होते. एरवी ते बोलायला लागले की जावई पाणी प्यायला उठे. आज तशी सोय नव्हती.

"तिकडं पाणी कसं आहे?"

"बरं असावं."

"असावं? विचारलं नाहीत?"

जुनं माउंटिंग निघालं. नव्याचे दोन बोल्ट बसले, तिसऱ्याचं भोक जुळेना.

"अजून उचला," सासरे म्हणाले.

"नको बाबा. जास्त उचललं तर बाकीची माउंटिंगं ताणली जातील."

"मग हातोडी घ्या."

"बोल्टचे आटे जातील."

"सगळ्याला नाहीच म्हणायचं असतं का हो जावईबापू? एवढी घाई काय आहे जायची? इथं कुणी चावतं?"

जावयाने बसलेले दोन्ही बोल्ट ढिले केले. त्याच्या पाठीला भिंतीचा ओलसर गिलावा लागत होता.

"तुम्ही दोघं गेल्यावर या घरात आवाज कुणाचा?"

"तुमचाच, बाबा. आत्ताही तोच आहे."

टॉर्चचा उजेड थोडा हलला. जावयाला वाटलं, गेली आता गाडी हातची. पण सासरे खो खो हसले, डोळे पुसले आणि ते बराच वेळ पुसत राहिले. तोपर्यंत त्याने हातोडीच्या लाकडी दांड्याने इंजिन हलकेच रेटलं, बोटाने बोल्ट फिरवून पाहिला आणि तो अलगद आत गेला. मग साखळी सैल केली, जॅक उतरवला, इंजिनचा भार रबरावर बसू दिला आणि त्यानंतरच सगळे बोल्ट आवळले. जॅक ओढून घेतल्यावर फटीतून बाहेर येता आलं.

बॅटरी जोडून गाडी सुरू केली. सासरे शेजारी बसले. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. काही नाही. पुन्हा ठेवला.

"अहो, ही तर पाळण्यासारखी झाली!" ते म्हणाले. "त्या धडधडीत एवढ्या लांब बसायला मला भीती वाटायची, म्हणून येतो असं बोललो नव्हतो. आता ठरलं. मीच येतो पोचवायला. तुम्ही रुळेपर्यंत राहीन."

"बाबा, दोनच खोल्या आहेत तिथं."

"मला किती जागा लागते? बाहेरच्या खोलीत पडेन. आणि हिला इथं एकटं कसं ठेवायचं? ही पण येईल."

ते आत जाऊन सासूबाईंना बॅग काढायला सांगू लागले. बायको दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याच्या काळ्या हातांकडे बघत ती हळूच म्हणाली,

"तुला इतकं चांगलं काम करायला कुणी सांगितलं होतं?"